लहान हातांचे पिस्तूल

माझे हात लहान आहेत ही गोष्ट मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, न्यू जर्सीतल्या एका बंदुकांच्या दुकानात, तीन अनोळखी गिऱ्हाइकांच्या देखत अधिकृतपणे कळवण्यात आली. तोवर मला नुसती शंका होती. अमेरिकेत आल्यापासून हिवाळ्याचे हातमोजे मी शाळकरी मुलांच्या विभागातून घेत आलो होतो. पण तिथली लोकर अधिक ऊबदार असते असे मी घरी सांगत असे, आणि दोन-तीन हिवाळ्यांनंतर माझाही त्यावर विश्वास बसला होता.

वास्तविक पिस्तुलाशी माझा संबंध यावा असे माझ्या आयुष्यात काहीही नव्हते. मी रंगांच्या कारखान्यातला केमिस्ट. डासदेखील मी शक्यतो हाकलतो. परंतु या कारखान्यात चौदा वर्षे काढल्यावर माझी एक तक्रार होती, आणि ती कोणाकडे नोंदवावी हे मला कळत नव्हते. तक्रार अशी, की तिथले लोक माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागत.

आपापसांत ते तसे वागत नसत. वॉल्टर हा आमचा उत्पादन विभागाचा प्रमुख, सहा फूट तीन इंच. सकाळी आल्या आल्या तो पॅकिंगवाल्याच्या टकलावर आणि गस या मेकॅनिकच्या पोटावर दोन-दोन वाक्ये बोले, आणि ते दोघे त्याच्या सासूवर चार-चार बोलत. मग वॉल्टर माझ्या टेबलापाशी येई, आणि त्याचा आवाज इस्पितळात शिरल्यासारखा खाली उतरे. “गुड मॉर्निंग, नरेंद्र. घरी सगळे ठीक?” चौदा वर्षे घरी सगळे ठीक होते. एकदा माझ्या चुकीने चारशे गॅलन पांढरा रंग गुलाबी झाला. हीच चूक गसने केली असती तर कारखाना नाताळपर्यंत त्याला गुलाबी फुले पाठवत राहिला असता. मला वॉल्टर म्हणाला, “होतं असं. काळजी करू नका.” त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. नोकरी जाईल म्हणून नव्हे. मला कोणी साधे मूर्खसुद्धा म्हटले नाही म्हणून.

ही मंडळी ऑक्टोबरपासून हिवाळाभर दर गुरुवारी संध्याकाळी आसपासच्या कारखान्यांशी नेमबाजीच्या स्पर्धा खेळत. पाच जणांचा संघ, छोट्या पॉइंट टू टू गोळीची पिस्तुले, समोर कागदाचे लक्ष्य. १९८४च्या जूनमध्ये पाचव्या माणसाच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. कँटीनमध्ये वॉल्टर बदली माणूस शोधत होता. त्याची नजर माझ्यावरून दोनदा सरकली, आणि तिसऱ्यांदा निव्वळ सभ्यपणापोटी थांबली.

“तुम्ही कधी नेमबाजी केली आहे का?”

सांगलीला कॉलेजात एन.सी.सी.मध्ये मी रायफलीच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यांपैकी एक शेजारच्या कॅडेटच्या लक्ष्याला लागली आणि त्याला बक्षीस मिळाले.

“थोडीफार,” मी म्हणालो.

माझ्या सुशिक्षित आयुष्यातला सर्वांत अनर्थकारक शब्द म्हणून मी तो नमूद करून ठेवतो. वॉल्टरचा चेहरा खुलला. “मग ऑक्टोबरपासून तुम्ही पाचवे! फक्त पिस्तूल ज्याचं त्याने आणायचं.”

घरी वसुधा श्रीखंडाचे दही टांगत होती. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, त्यामुळे रक्ताच्या शक्यतेने ती घाबरत नाही; तिचे प्रश्न व्यवहारी असतात.

“कोणाला मारायचंय?”

“कागदाला.”

“कागदाने काय केलंय तुमचं?”

मी तिला चौदा वर्षांची सभ्यता समजावून सांगितली. तिने दह्याची गाठ घट्ट केली आणि म्हणाली, “म्हणजे त्यांनी तुम्हाला नावं ठेवावीत म्हणून तुम्ही पिस्तूल घेणार. अहो, त्यासाठी एवढं लांब कशाला जायचं?” पण ती मनाने मोठी आहे. तिने तीन अटी घातल्या: पिस्तूल कुलपात राहील, किल्ली तिच्याकडे राहील, आणि शैलाला काही कळता कामा नये. शैला आमची मुलगी, वय वर्षे बारा. ती जिन्यावरच उभी होती. “डॅड, प्लीज डोंट टेल माय फ्रेंड्स,” एवढेच म्हणून ती वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या फ्रँकला बातमी लागली. फ्रँक अग्निशामक दलातून निवृत्त झालेला. आता सल्ला द्यावा असे त्याच्याकडे कोणी उरले नव्हते. त्याच्या मते पॉइंट टू टू हे पिस्तूलच नव्हे. “त्याने माणूस मरत नाही, नुसता चिडतो,” तो म्हणाला. कागद चिडत नाही, हे मी निदर्शनास आणले. तरीही त्याने मला त्याच्या तळघरात नेले आणि स्वतःचे मोठे पिस्तूल, रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, माझ्या हातात ठेवले. माझे बोट घोड्याच्या दिशेने निघाले आणि वाटेतच संपले. फ्रँक तत्काळ पाण्याच्या पाइपकडे बघू लागला. शेजारधर्म यालाच म्हणतात.

न्यू जर्सीत पिस्तूल घेण्यापूर्वी पोलिसांचा परवाना लागतो, आणि परवान्यासाठी आपल्याला चांगले ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या दोन सभ्य गृहस्थांची नावे द्यावी लागतात. त्या दोघांकडे पोलीस गुप्तपणे एक फॉर्म पाठवतात. एक नाव मी फ्रँकचे दिले. दुसरे पुरुषोत्तमरावांचे दिले, आणि इथे माझा उन्हाळा संपला.

पुरुषोत्तमराव हे आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. पेशाने धातुशास्त्रज्ञ, आणि एक पोथी व एक कॅसेट यांच्या बळावर पन्नास मैलांतल्या सर्व मराठी घरांचे पुरोहित. पोलिसांच्या फॉर्मवर “अर्जदाराविषयी आपले मत” अशी दोन ओळींची जागा होती. आता एका माणसाविषयी दुसऱ्याने गुप्तपणे माहिती विचारावी, असा एकच प्रसंग पुरुषोत्तमरावांच्या पिढीला ठाऊक होता, आणि तो म्हणजे लग्नाच्या स्थळाची चौकशी. त्यांनी तीन पाने जोडली.

पंधरा दिवसांनी मला पोलीस ठाण्यात बोलावणे आले. सार्जंट वयस्क, शांत आणि बराच गोंधळलेला होता.

“तुमचे मित्र लिहितात की तुम्ही शाकाहारी आहात, अंडं केकमधून चालतं. तुमची उंची पाच फूट चार. तुमचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. तुमच्या बहिणीला चांगल्या ठिकाणी दिली आहे.” तो थांबला. “कोणाला दिली आहे?”

“लग्न झालंय तिचं.”

“अच्छा.” त्याने पान उलटले. “पुढे ते लिहितात, घराण्यात वेडाचा प्रकार नाही, एक चुलते हरिद्वारला निघून गेले होते, परंतु परत आले. कायद्याप्रमाणे मला हे विचारावंच लागेल. का गेले?”

“संन्यास घ्यायला.”

“परत का आले?”

“तिथला चहा त्यांना सोसला नाही.”

सार्जंटने बराच वेळ विचार करून फॉर्मवर काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मला दिसले नाही. पण परवान्याची तारीख तीन आठवडे पुढे गेली. संध्याकाळी मी पुरुषोत्तमरावांना फोन केला.

“अहो, काकांचं कशाला लिहिलंत?”

“लिहायला नको? उद्या त्यांना दुसरीकडून कळलं म्हणजे? मग माझ्या शब्दाला काय किंमत राहिली? नरेंद्र, मी तुमचं स्थळ — तुमचा अर्ज फार चांगल्या शब्दांत मांडलाय. ते नाही म्हणणार नाहीत.”

त्यानंतर बोटांचे ठसे. चौदा वर्षे रंगांच्या द्रावकांत बोटे बुडवल्यामुळे माझ्या बोटांवरच्या रेषा जवळपास पुसल्या गेल्या होत्या. ठसे वरच्या कार्यालयातून दोनदा परत आले. “चोर म्हणून तुमचं फार नाव झालं असतं,” सार्जंट म्हणाला, आणि जुलै महिन्यात माझी झालेली ती एकमेव प्रशंसा होती. त्याच्या सल्ल्यावरून मी सुट्टी टाकली, आणि दोन आठवडे हाताला व्हॅसलीन चोपडून, वर सुती मोजे चढवून घरात बसलो. वर्तमानपत्राची पाने शैला उलटून देत असे. मात्र प्रत्येक पानामागे एक सुस्कारा टाकी. तिसऱ्या खेपेला ठसे मंजूर झाले. माझ्याकडे स्वतःची अशी बोटे आहेत हे राज्य सरकारने मान्य केले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता.

आता ते दुकान. मी वसुधाला बरोबर नेले, कारण तिच्या उपस्थितीत माझा आवाज थोडा भारदस्त येतो असा माझा समज आहे. दुकानाची मालकीण डोरिस नावाची साठीची बाई होती. चष्मा साखळीला लावलेला, आणि वागणे आमच्या सांगलीच्या शिंपिणीसारखे: माणसाकडे बघण्याआधी मापाकडे बघणारे.

“नवशिक्या आहात का? हात लहान आहेत?” तिने विचारले, आणि एक सुबक पिस्तूल वसुधापुढे ठेवले.

“मला नको,” वसुधा म्हणाली. “यांना.”

मी मोठ्या पिस्तुलांच्या कपाटाकडे निर्देश केला. डोरिसने वाद घातला नाही. तिने त्यांतले एक काढून माझ्या हातात दिले आणि हातांची घडी घालून वाट पाहू लागली. घोड्यापर्यंत पोहोचण्यासाठी मला मनगट वाकवावे लागले. मनगट वाकल्यावर नळी खिडकीबाहेरच्या आइसक्रीमच्या दुकानाकडे वळली. मग वरचा सरकता भाग मागे ओढायचा होता. तो मागे आला नाही. मी पुढे गेलो.

“बास,” डोरिस म्हणाली. तिने ज्योतिष्यासारखा माझा पंजा उलटा करून पाहिला, मग वसुधाचा मागून घेतला, आणि दोन्ही तळवे एकमेकांना चिकटवून उजेडात धरले. वसुधाची बोटे माझ्या बोटांच्या वर अर्धे पेर निघाली. आमच्या लग्नाला सोळा वर्षे झाली होती आणि ही माहिती आम्हा दोघांनाही नवीन होती. मागची तीन गिऱ्हाइके पुढे सरकली.

“उजेडामुळे तसं दिसतंय,” वसुधा मराठीत पुटपुटली. सोळा वर्षांत ती माझ्याशी इतक्या मायेने खोटे बोलली नव्हती.

“चाळीस वर्षं हा धंदा करतेय,” डोरिस म्हणाली. “मोठ्या हाताचे पुरुष मोठं पिस्तूल नेतात. लहान हाताचे पुरुष त्याहून मोठं नेतात, आणि मग समोरच्या जमिनीवर गोळ्या झाडतात. तुम्हाला काय मारायचंय? कागद की जमीन?”

कागद, असे मी कबूल केले. तेव्हा तिने मला समजावले: मनगट सरळ ठेवून बोटाचे पहिले पेर घोड्यावर सपाट बसले पाहिजे, नळी हाताच्या रेषेत आली पाहिजे, सरकता भाग दात न खाता ओढता आला पाहिजे. अकरावे पिस्तूल माझ्या मुठीत असे बसले की जणू मी ते घेऊनच जन्मलो होतो. दुर्दैवाने त्याच्या खोक्यावर गुलाबी स्वेटर घातलेल्या एका तरुणीचे चित्र होते. मी दुसरे खोके मागितले. दुसऱ्या खोक्यावर तीच तरुणी पाठमोरी होती. ते मी घेतले.

सप्टेंबरचे चार शनिवार मी डोरिसच्या दुकानामागच्या आवारात शिकलो. पहिल्या शनिवारी दहांतल्या दोन गोळ्या कागदाला लागल्या, चौथ्या शनिवारी नऊ. “स्पर्धेत तुमच्यामुळे संघ जिंकणार नाही,” डोरिस म्हणाली, “पण हरणारही नाही.” मी ते वाक्य प्रशस्तिपत्रासारखे जपून घरी आणले.

आणि दसरा आला. अमेरिकेत सगळे सण शनिवारी येतात. त्या वर्षीची खंडेनवमीही शनिवारी आली. अकरा वर्षे आमचे मंडळ शस्त्रपूजेत पेचकस, भाजीच्या सुऱ्या आणि पुरुषोत्तमरावांची आकडेमोडीची जुनी स्लाइड रूल यांची पूजा करत आले होते. एके वर्षी कुंपण कापायचे विजेचे यंत्र आले, तेव्हा लोक भारावून गेले होते.

“नरेंद्र,” पुरुषोत्तमरावांचा फोन आला, “मंडळात पहिल्यांदा खरं शस्त्र आलंय. ते कपाटात राहणार?”

पिस्तूल वाटेल तिथे घेऊन जाता येत नाही, असा कायदा मी पुढे केला. त्याचा परिणाम एवढाच झाला, की मंडळ आमच्या घरी आले. छत्तीस माणसे. मी जबाबदार माणसासारख्या अटी घातल्या. गोळ्या घरात नकोत. त्या फ्रँककडे राहतील. गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन, पिस्तुलातून काढून बाजूला ठेवायचे. आणि वरचा भाग मागे ओढून अडकवून ठेवायचा, म्हणजे आतली जागा उघडी राहून पिस्तूल रिकामे आहे हे प्रत्येकाला दिसेल. सुरक्षिततेच्या दृष्टीने या व्यवस्थेत काहीही उणे नव्हते.

परंतु चौरंगावर, लाल कापडावर, उघड्या तोंडाने बसलेले दैवत पाहिल्यावर कोणत्या पुरोहिताला राहवेल? पुरुषोत्तमरावांनी हळद वाहिली, कुंकू वाहिले, फूल वाहिले. चमच्यात श्रीखंड घेऊन ते पुढे वाकले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

“अहो, नैवेद्य बाजूला ठेवा!”

“तोंड उघडं आहे हो.”

“ते तोंड नाही!”

श्रीखंड वाचले. पण कॅसेटमधला मंत्र संपताच छत्तीस माणसांनी, लग्नात टाकतात तशा, दोन्ही मुठींनी अक्षता टाकल्या. नागपूरच्या उत्तराबाई वसुधाला म्हणाल्या, “किती नाजूक आहे गं, तुझं का?” मी ऐकले नाही असे दाखवले. सगळे गेल्यावर मी पिस्तूल उलटे करून झटकले आणि बाहेरून मऊ फडक्याने पुसले. आतून पुसायला हवे हे माझ्या लक्षात आले नाही, कारण आत काही जाऊ शकते असे डोरिसच्या कोणत्याही पाठात नव्हते.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता आमची स्पर्धा लागली. प्रत्येकाने दहा गोळ्या झाडायच्या. मी शेवटचा. माझी पाळी येईतो समोरच्या संघाचे पाचही जण खेळून झाले होते आणि जिंकायला मला केवळ सत्तर गुण हवे होते. डोरिसकडच्या शेवटच्या शनिवारी मी सरावात एक्याऐंशी केले होते. वॉल्टर माझ्या मागे येऊन अदबीने म्हणाला, “तुम्हाला जमेल तसं करा. काही दडपण घेऊ नका.” मला दडपण हवे होते. पण मी मनगट सरळ केले, बोटाचे पहिले पेर घोड्यावर ठेवले, आणि सहा गोळ्यांत त्रेपन्न गुण मिळवले. पाठीमागे कोणीतरी शीळ घातली.

सातव्या गोळीला पिस्तुलाचा वरचा भाग अर्ध्यावर येऊन अडकला. मी नियमाप्रमाणे नळी समोर ठेवून डावा हात वर केला. स्टॅन नावाचे पंच आले. कोरडे, काटकुळे गृहस्थ. त्यांनी पिस्तूल रिकामे केले, चष्मा वर सरकवला, खिशातून चिमटा काढला, आणि आतून एक पिवळाधमक तांदळाचा दाणा बाहेर ओढून दिव्यापुढे धरला. दोन्ही संघ जमले.

स्टॅननी नियमांचे पुस्तक उघडले. यंत्रात आपोआप बिघाड झाला असेल, तर उरलेल्या गोळ्या पुन्हा झाडायला मिळतात. बिघाड नेमबाजाने स्वतःच्या हाताने केलेला असेल, तर मिळत नाहीत.

“हे आत कसं गेलं, तुम्हाला माहीत आहे का?” त्यांनी विचारले.

उत्तर अगदी सोपे होते. “नाही” म्हणायचे, चार गोळ्या झाडायच्या, सतरा गुण मिळवायचे. वॉल्टरने श्वास रोखून धरला होता. गसने तर माझ्या वतीने मान हलवायला सुरुवातही केली होती. पण “थोडीफार” या एका अक्षरशः बिनबुडाच्या शब्दावर मी या संघात शिरलो होतो. त्यावर आणखी एक मजला चढवायला माझा धीर होईना.

“माहीत आहे,” मी म्हणालो. “आमच्या घरी टाकला. आम्ही वर्षातून एकदा आपल्या हत्यारांची पूजा करतो. त्यांच्यावर तांदूळ टाकतो. छत्तीस जणांनी टाकले.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. आदराने.”

स्टॅननी पुस्तक मिटले. त्रेपन्न गुण. सतरा गुण कमी पडून आम्ही हरलो होतो.

मग ती शांतता पसरली. मला तिची ओळख होती; गुलाबी रंगाच्या दिवशी ती अशीच पसरली होती. वॉल्टर माझ्याकडे वळला. त्याचा आवाज इस्पितळातल्यासारखा खाली आला. “काही हरकत नाही, नरेंद्र. होतं अ—”

वाक्य पुरे झाले नाही. तो त्या दाण्याकडे बघत होता. त्याची मान लाल झाली, मग कान, मग टोपीखालचे कपाळ.

“अरे गाढवा!” तो गरजला. “तीस वर्षं खेळतोय मी! पिस्तुलात वाळू पाहिली, गंज पाहिला, एकाच्या पिस्तुलात मेलेली माशी पाहिली! जेवण भरून आणणारा तू पहिलाच मूर्ख! छत्तीस जण? छत्तीस जणांत एकालाही अक्कल नव्हती?”

“एक धातुशास्त्रज्ञ होते,” मी म्हणालो.

“आणि खरं सांगायची एवढी खाज कोणी शिकवली तुला?”

“पुढच्या वेळी मीठ घालून आण,” गस म्हणाला. “आणि ते पिस्तूल तरी मोठ्या माणसाचं आण. माझ्या भाचीकडे याहून मोठं पाण्याचं आहे.”

“तुझं पोट आड येत नसतं तर तुला लक्ष्य तरी दिसलं असतं,” मी त्याला म्हणालो, आणि स्वतःच दचकलो. गस असा हसला की स्टॅनना शांततेसाठी शिट्टी वाजवावी लागली.

“पुढच्या गुरुवारी अर्धा तास आधी यायचं,” वॉल्टर दरडावून म्हणाला. “माझ्यासमोर ते पिस्तूल शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडायचं. ऐकलंस?”

मी ऐकले होते. घरी जाताना गाडीत मी ते सगळे पुन्हा एकदा, क्रमवार, स्वतःला ऐकवले.

वसुधाने दार उघडले आणि माझा चेहरा पाहिला. “जिंकलात!”

“हरलो. माझ्यामुळे.”

“मग हसताय काय?”

“वॉल्टर सगळ्यांसमोर मला गाढव म्हणाला. मूर्खही म्हणाला. आणि तुमच्या छत्तीस जणांत कोणालाच अक्कल नाही म्हणाला.”

तिच्या भुवया वर चढल्या. छत्तिसांत तीही होती. “असं म्हणाला? सगळ्यांसमोर? मग तुम्ही काय म्हणालात?”

“पुढच्या गुरुवारी येतो म्हणालो,” मी सांगितले, आणि पिस्तूल तिच्या हवाली करून चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवायला बसलो.